कापूसचं घर कशाचं?

साडूभाऊ, परवा संध्याकाळी दुकान बंद करून घरी आलो, तर तुमची अश्विनी आमच्या पायरीवर बसली होती. मांडीवर कापूस. फ्रॉकभर पांढरे केस. मला वाटलं, ससा आजारी पडला. पण कापूस स्वतःच्याच छातीचे केस तोंडाने उपटत होती आणि गवताच्या काड्यांसारखे दातांत धरून बसली होती.

अश्विनी म्हणाली, "काका, ही पिल्लं घालणार. एकदोन दिवसांत. आता सांगा, लाकूड की जाळी?"

मी सवयीने तुमच्या दाराकडे बघितलं. तुम्ही बनियनवर बाहेर येणार, चष्मा कपाळावर सरकवून 'लाकूड' म्हणणार, मग मी 'जाळी' म्हणणार, मग आतून दोघी बहिणी 'झालं सुरू' म्हणणार. दार उघडंच होतं. कुणी बाहेर आलं नाही. तुम्ही जाऊन महिना झाला, हे मला रोज एकदा तरी असं नव्याने कळतं.

आधी माझी तक्रार ऐकून घ्या, मग बाकीचं. माणूस वाद जिंकून जातो नाहीतर हरून जातो. तुम्ही रविवारवर टाकून गेलात. त्या शुक्रवारी जिन्यापाशी मुळ्याच्या पाल्याची जुडी माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "शेठ, तुमच्या जाळीचा मुद्दा राहिलाय. रविवारी निवांत बोलू." शनिवारी तुम्ही नव्हतात. आयुष्यभर भाव करून पोट भरलं मी, साडूभाऊ. समोरचा असा अर्ध्यात उठून गेला तर त्याला हाका मारून परत बोलावतो. तुम्हाला कुठून बोलावू?

शांती नगरात आपण आलो, तेव्हा अर्ध्या इमारतींना रंगसुद्धा लागलेला नव्हता. तुम्ही गिरगावातली खोली सोडून, बँकेची नोकरी आणि पुस्तकांची खोकी घेऊन आलात. मी महाडकडून आलेला, जाळीची गुंडाळी खांद्यावर टाकून नव्या इमारतींचे जिने चढणारा. मिठागरांवरच्या डासांनी माझं दुकान उभं केलं, हे मी कुणालाही सांगतो. खिडकी आली की डास आला, डास आला की मी आलो. माझी सुमन आणि तुमच्या शैलावहिनी सख्ख्या बहिणी, म्हणून तळमजल्यावर शेजारी शेजारी घरं घेतली. तुम्ही मला आणि मी तुम्हाला त्या घरांबरोबर फुकटात मिळालो.

तुमच्याकडे अश्विनी होती. आमच्याकडे कुणी नव्हतं, म्हणून ती दोन्ही घरांची. शाळा सुटली की दुकानात यायची, जाळीच्या तुकड्यांचे डबे करायची आणि मला जाळीकाका म्हणायची. कुणी 'शेठ' म्हटलं की मी भाव चढवतो आणि 'जाळीकाका' म्हटलं की काहीही देतो, हे तिला तुमच्या आधी कळलं होतं.

ससे तिच्याच हट्टाचे. भाईंदरच्या बाजारात एकजण टोपलीत घेऊन बसला होता. तुम्ही नुसते 'किती गोड, किती गोड' म्हणत उभे. भाव मलाच करायचा होता.

"दोनों मादी है सेठ, झगडा नहीं करेंगे."

"मादी है तो कम कर. नर होता तो पूरा देता."

त्याने लगेच कमी केलं. पांढरी ती कापूस, तपकिरी तो काजू, म्हणजे तेव्हा 'ती' काजू. पुढे काय निघालं ते आख्ख्या इमारतीला ठाऊक आहे. आणि तुम्ही दिवाळीला, गणपतीला, पाहुण्यांसमोर, मिळेल तिथे सांगत राहिलात, "आमच्या शेठनी एवढी घासाघीस केली, की बिचारा नर भावासाठी मादी झाला."

पण खरं भांडण घराचं. इमारतीमागच्या मोकळ्या पट्टीत, दोन्ही घरांच्या मोऱ्यांच्या मधे, आपण पहिल्यांदा उभे राहिलो ते मला लख्ख आठवतं. मी म्हटलं, वेल्ड मेशचा, जाड तारेच्या जाळीचा पिंजरा करून देतो. हवा खेळते, लेंड्या खाली पडतात, पाइप मारला की साफ. लाकूड ससा कुरतडतो, मूत पितं, वाळवी लागते.

तुम्ही म्हणालात, "शेठ, तुम्ही पलंगाऐवजी तारेवर झोपाल का?"

"मी ससा नाही."

"तेच म्हणतो मी. त्याला विचारलंत का? त्याला बीळ लागतं. अंधार लागतो. चारी बाजूंनी उघडं म्हणजे त्याला वाटणार, आख्खं शांती नगर आपल्याला खायला बसलंय. शिवाय इथली खारी हवा. तुमची जाळी दोन पावसाळ्यांत गंजेल."

माझ्याच जाळीबद्दल, माझ्याच तोंडावर! मी तीन दिवस तुमच्या घरचा चहा प्यायलो नाही. सुमन म्हणाली, "ससे राहिले बाजूला, हे दोघेच पिंजऱ्यात घाला."

मग तुम्ही किनाऱ्यावरच्या डोंगरी गावाला गेलात. कुणा कोळ्याची जुनी होडी मोडत होती, तिच्या फळ्या रिक्षात आडव्या घालून, पाय बाहेर लोंबकळत ठेवून, विजयी मुद्रेने आलात. त्याचं बोलणं तुम्ही त्याच्याच सुरात ऐकवलंत, "लाकूड कसा, लोखंड हाय. पानी लागनार न्हाय त्याला." बरोबरच होतं. होडीच्या फळीला वर्षानुवर्षं माशाचं तेल चोपडतात, तिला पाणी कसं लागेल? हे त्याला ठाऊक होतं, मला वासावरून कळलं, आणि तुम्ही गिरगावात जन्म काढूनही म्हणालात, "जुन्या लाकडाला असा दरवळ असतोच."

दोन रविवार खपून तुम्ही पेटी केलीत. सुरेख केलीत, ते मी तेव्हाही मनात कबूल केलं होतं. दुपारचं ऊन फळ्यांवर आलं, तेल सुटलं आणि मांजरं जमली. आपल्या इमारतीची, समोरच्या इमारतीची, कुठली कुठली. पेटीच्या छपरावर मांजर, भिंतीवर मांजर, मोरीत मांजर. आत दोन ससे एकमेकांच्या अंगाखाली शिरून थरथरत होते. वरच्या मजल्यावरच्या जैन बाई नाकाला पदर लावून खाली आल्या, "शैलाबेन, ये क्या नया चालू किया? हमारे घर में तो सब्जी में भी मच्छी का बास आता है!" तुम्ही त्यांना अगदी गंभीरपणे सांगितलंत, "मच्छी नहीं है, बेन, फर्निचर है."

एवढं सगळं झाल्यावर ससे माझ्या पिंजऱ्यात आले, यात माझी काय चूक?

आणि तिथे ती सकाळ आली. दोन्ही माद्या, म्हणून कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. कापूसने पिल्लं घातली ती उघड्या तारेवर. पिल्लं म्हणजे काय, बोटाएवढी, बिनकेसांची. काही जाळीच्या भोकांतून खाली फरशीवर पडली, काही वरच गारठली. खाली एक मांजर बसलं होतं. अश्विनी शाळेचं दप्तर पाठीला लावून उभी होती. शैलावहिनी, सुमन, वरच्या बाई, सगळ्या होत्या. आणि तुम्ही, कधी आवाज न चढवणारे तुम्ही, माझ्याकडे बघून म्हणालात, "तुमच्या जाळीनं मारली."

मी तेव्हाही सांगितलं आणि आजही सांगतो. मांजर तुमच्या फळ्यांच्या वासाने आलं होतं. नर-मादी कळायला मला कुणी डॉक्टर केलेलं नाही. भोकं मोठ्या सशाच्या हिशेबाची होती, कारण पिल्लं होणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं. माझं म्हणणं एवढंच होतं, की जे बोलायचं ते पोरीसमोर नको होतं. तुम्ही संध्याकाळी येऊन खांद्यावर हात ठेवलात, पण शब्द मागे घेतला नाहीत. अश्विनी त्या दिवसापासून मला नुसतं 'काका' म्हणायला लागली. तिच्या लक्षातही आलं नसेल. मला मात्र दुकानात जाळी कापताना, रोज, एक शब्द कमी ऐकू यायचा. माझा राग तुमच्यावर होता तो तेवढ्या एका शब्दापुरता. आणि तो काही लहान नव्हता.

मग आपण वाटणी केली. काजू तुमच्या पेटीत, कापूस माझ्या पिंजऱ्यात, मधे मोरीची भिंत. पुन्हा पिल्लं नकोत. तुमच्या फळ्यांचा वास एका पावसाळ्याने आणि शैलावहिनींच्या सोड्याने गेला. तारेवर उभं राहून कापूसचे पंजे लाल झाले, तेव्हा मी पिंजऱ्यात एक पाट टाकला. तुम्ही तो बघितलात. काही बोलला नाहीत, नुसते हसलात. बोलला असतात तर मला उत्तर देता आलं असतं.

साडूभाऊ, तुमच्याशी भांडायची एवढी सवय झाली, की तुमचं चांगलं आठवतानाही आवाज चढतो. मला कावीळ झाली, तेव्हा तुम्ही बँकेतून सुटून रोज माझ्या दुकानात बसलात. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, आणि गल्ल्यावर तुम्ही! गिऱ्हाइकाने भाव विचारला की एकच भाव सांगायचात. कमी करा म्हटलं की कमी करायचात. मी अंथरुणात ऐकून तळमळायचो. एका बाईंना तर म्हणालात, "ही घेऊ नका, लवकर गंजेल, ती पलीकडची घ्या." बरा होऊन मी दुकानात गेलो, तर गिऱ्हाइकं दारातूनच विचारायची, "ते चष्मेवाले साहेब नाहीत का?" अजून विचारतात. काल एकाने विचारलं. मी म्हटलं, "रविवारी येतील." तोंडातून निघून गेलं.

आता तुमच्यामागे काय झालं ते सांगतो. तुम्हाला आवडेल.

तुमच्या दिवसांत घर माणसांनी भरलं. रत्नागिरीकडची सगळी मंडळी आली. मागच्या पट्टीत मोठी शेगडी आणि पाण्याचे हंडे ठेवायचे होते, म्हणून तुमची पेटी हलवायची ठरली. शैलावहिनींचे मामा पुढे झाले. आत काजू. त्यांनी कुणाला तरी विचारलं, "हा कुठे ठेवू?" आणि आतून कुणीतरी डोळे पुसत सांगितलं, "शेजारच्या पिंजऱ्यात ठेवा, दोघी माद्याच आहेत." तो तुमचाच विनोद, साडूभाऊ. तुम्ही तो इतक्या वर्षांत इतक्यांदा सांगितला होता, की रत्नागिरीपर्यंत निम्माच पोचला होता. मामांनी काजूला उचललं आणि कापूसजवळ ठेवलं. म्हणाले, "राहा गं बायांनो एकमेकींच्या सोबतीने." घरात एवढं दुःख, पिंजऱ्यात कोण बघतंय?

तर तुमच्या सुतकात हे असं झालं. आणि परवा अश्विनी कापूसला घेऊन पायरीवर बसली.

"लाकूड की जाळी, काका?" तिने पुन्हा विचारलं. "या वेळी मरायला नकोत."

आवाज साधाच होता. पण ती माझ्याकडे बघत नव्हती. साडूभाऊ, या पोरीने महिन्याभरात एकाला जाताना बघितलंय. त्या सकाळचं सगळं तिच्या डोळ्यांपुढे असणार. मी जाळी म्हटलं असतं तर तिने ऐकलं असतं आणि एक क्षण झोपली नसती. मी लाकूड म्हटलं असतं तर तिला वाटलं असतं, काका बाबांची आठवण म्हणून बोलतायत. पिल्लांना त्याचा काय उपयोग? पहिल्यांदाच मला समोर भांडायला कुणी नव्हतं, आणि तुमच्याशिवाय मला ठरवता येईना.

मग मी तुमची पेटीच ओढून पट्टीत आणली. म्हटलं, आधी बघू तरी. तळाची एक फळी कुजलेली. मांजराचं नख वाजलं की काजू ज्या कोपऱ्यात दबून बसायचा, तो कोपरा गुळगुळीत झालेला. आत हात घालून छप्पर चाचपलं, तर बोटांना काहीतरी लागलं, पण टोचलं नाही. टॉर्च मागवला. मागच्या बाजूला, वरती, तुम्ही हवेसाठी भोक पाडलं होतंत आणि त्याला आतून जाळी मारली होतीत. तळाशी, मुताचं पाणी निघून जावं म्हणून, कोपऱ्यात आणखी एक तुकडा. कडा आत दुमडलेल्या, सशाला लागू नयेत म्हणून. खिळे एका रांगेत.

जाळी! तुमच्या लाकडात! आणि मी तार बोटांत धरून बघितली, तर ती माझी नव्हती. माझ्या दुकानात असली पातळ तार मी शिरू देत नाही.

मी ओरडलोच. "वहिनी! ही जाळी कुठून आणली यांनी?"

शैलावहिनी दारात आल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर काहीतरी हललं. म्हणाल्या, "स्टेशनजवळच्या त्या दुकानातून. पिल्लं गेली त्याच आठवड्यात. काजूला आत गुदमरायला होत होतं. मला म्हणाले, शेठना कळू देऊ नकोस, एकतर चिडतील, नाहीतर पेढे वाटतील."

"भाव तरी केला का?"

"त्यांनी? भाव?"

"म्हणजे त्याने सांगितला तो दिला! माझं दुकान दोन गल्ल्यांवर, आणि हा माणूस त्या लुटारूकडून, पूर्ण भावाने, ही मच्छरदाणी..."

अश्विनी हसायला लागली. आधी नाकातून, मग मोठ्याने, मग पोटाला धरून. मी ओरडायचा थांबलो नाही. तुम्ही असतात तर तुम्हीही मला थांबू दिलं नसतं. तिला हसायला मिळावं म्हणून तुमच्या मूर्खपणाबद्दल मी आणखी बरंच बोललो, आणि त्यातला शब्द न् शब्द मनापासून होता.

पण तुम्ही शब्द मागे घेतला होतात, साडूभाऊ. त्याच आठवड्यात. फक्त मला सांगितलं नाहीत. मी इतकी वर्षं ज्या गोष्टीची वाट बघत होतो, ती मोरीच्या भिंतीपलीकडे, छपराच्या आत, खिळ्यांनी ठोकलेली होती. मी पाट टाकला तेव्हा तुम्ही का हसलात, ते आता कळलं. रविवारी तुम्ही हेच सांगणार होतात का? की पुन्हा 'लाकूड' म्हणून सुरुवात करणार होतात? मला वाटतं, सुरुवात लाकडानेच केली असतीत.

मग पोरीला म्हटलं, "चल, दोन्ही." कुजलेली फळी काढून नवी, बिनवासाची टाकली. तळ सबंध लाकडाचा ठेवला, फक्त तुमच्या त्या कोपऱ्यातल्या जाळीएवढा सोडून, आणि त्यावर पाटाचा तुकडा बसवला, पिल्लू जायला नको म्हणून. आत कोरडं गवत. पेटी उचलून माझ्या मोठ्या पिंजऱ्यात ठेवली आणि पिंजऱ्याला बाहेरून बारीक भोकांची जाळी मारली, मांजराचा पंजा शिरणार नाही अशी. काजूला आमच्या बाल्कनीत हद्दपार केलं. तो रागावलाय. कापूस पेटीच्या दारात थांबली, आतला वास घेतला, बाहेरचे केस तोंडात धरले आणि आत गेली. मला तो वास काजूचा वाटला. अश्विनी म्हणते, बाबांच्या हाताचा.

आज सकाळी सुमन चहा करत होती आणि मी दुकानाच्या किल्ल्या शोधत होतो. तेवढ्यात मागून हाक आली.

"जाळीकाका! लवकर या! हलतंय!"

मी अनवाणी गेलो. पेटीच्या दारातून आत पांढऱ्या केसांचा ढीग दिसत होता, वाटीभर. तो ढीग श्वास घेत होता. वरचे केस उठायचे, बसायचे, मधेच एखाद्या ठिकाणी धक्का मारल्यासारखे उडायचे. किती आहेत ते अजून ठाऊक नाही. हात लावायचा नाही, असं अश्विनीने सगळ्यांना बजावलंय. ती स्वतः पिंजऱ्याच्या जाळीला बोटं टेकवून बघत होती.

"सगळी आत आहेत," ती म्हणाली. "एकपण खाली नाही पडलं."

मग माझ्याकडे वळून, "बाबा असते तर म्हणाले असते, लाकडामुळे."

"आणि मी काय म्हटलं असतं?"

"जाळीमुळे."

"मग खरं कुणाचं?"

तिने थोडा विचार केला. भाव करताना मी करतो तसाच. "तुम्ही दोघं बसून ठरवा," म्हणाली आणि मुळ्याचा पाला आणायला आत गेली.

तर साडूभाऊ, मुद्दा अजून राहिलाय. मी दर रविवारी पट्टीत खुर्ची टाकून बसणार आहे. तुमच्या बाजूचं बोलायला अश्विनी तयार होतेच आहे. वहिनी म्हणाल्या, ती तुमची पातळ जाळी काढून चांगली लावा. मी नाही म्हटलं. ती तशीच राहील. या खाऱ्या हवेत ती गंजणार, हे तुमचंच म्हणणं. गंजली की तिथे पुन्हा तशीच लावीन, स्टेशनजवळच्या त्याच दुकानातून आणून.

भाव मात्र मी करणार.